शुगरसाठी अख्ख्या घराचं ताट बदलायचंय? आधीची तयारी

घरात कुणाला शुगर (मधुमेह) निघाली आणि कमी कर्बोदकांचं, म्हणजे भात-भाकरी-साखर कमी असलेलं जेवण करायचं, "उद्यापासून भात बंद" असं एकदा ठरलं की घरातलं कुणीतरी लगेच बाजाराची पिशवी उचलतं. पिशवी राहू द्या, आधी गोळ्यांचा डबा काढा. प्रत्येक पाकिटावरचं औषधाचं नाव मिलिग्रॅमसकट कागदावर उतरवा आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असेल तर त्यांना विचारल्याशिवाय ताटातली एक भाकरीही कमी करायची नाही. तुमचं रोजचं जेवण धरूनच तो डोस ठरलेला असतो. जेवण निम्मं झालं आणि डोस तोच राहिला, तर रक्तातली साखर 70 च्या खाली उतरू शकते. मग घाम फुटतो, हात थरथरतात, माणूस भोवळ येऊन पडतो. "मला नुसतं मेटफॉर्मिन आहे" म्हणणाऱ्यांनीही पाकीट वाचावं, कारण मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत असणं आपल्याकडे सर्रास आहे. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर ते मुद्दाम सांगा. ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर काढतात; त्यात कर्बोदकं फारच कमी केली तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो, आणि तेव्हा साखर मोजायच्या मीटरवरचा आकडा बरा दिसत असल्यानं कुणाच्या लक्षातही येत नाही. बीपीची गोळीही कागदावर असू द्या, वजन उतरलं की तीही बदलावी लागू शकते. कुठलीच गोळी आपल्या मनानं बंद करू नका.

त्याच फेरीत तपासण्या उरका. उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन (ही दोन किडनीसाठी), कोलेस्टेरॉल. किडनीवर आधीच ताण असेल तर डाळ, अंडी, मटण किती चालेल हे डॉक्टर ठरवतील, शेजारी नाही. डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर तोही तपासून घ्या. घरातल्या तिशीपुढच्या बाकीच्यांनी शुगर-बीपी कधीच बघितलेलं नसेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात ते फुकट होतं. आशाताईंना विचारा, त्या दिवस सांगतील. अख्खं घर एकाच ताटावर येणार असेल तर अख्ख्या घराचा आकडा माहीत असलेला बरा. एचबीए1सी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगतं, म्हणून ते पंधरा दिवसांनी पुन्हा करून पैसे घालवू नका. रोजच्यासाठी ग्लुकोमीटर आणि एक वही पुरे. मीटर घेताना पट्ट्यांची किंमत आधी विचारा, कारण खरा खर्च पट्ट्यांचाच असतो.

आता भाकरी. इथे जरा थांबायला लागेल, कारण मराठवाड्यात शुगर निघाली की पहिला सल्ला येतो तो "गव्हाची पोळी सोडा, ज्वारीची भाकरी खा." भाकरीत चोथा जास्त आहे हे खरंच आहे. पण 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण 68 ग्रॅम कर्बोदकं असतात. बाजरी आणि गहूही साठीच्या पुढेच. दिवसाला 130 ग्रॅमच्या आत राहिलं तर त्याला कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात. आपल्याकडची परातभर थापलेली भाकरी 80 ग्रॅम पिठाची धरली, तर एका भाकरीत 54 ग्रॅम झाले. सकाळी दोन, रात्री एक खाल्ली की हिशोब संपला, अजून चहा, डाळ, भात मोजायचेच आहेत. म्हणून यादीत एक छोटा वजनकाटा लिहा. पहिले काही दिवस कोरडं पीठ मोजून भाकरी करा, मग हाताला अंदाज येतो. 40 ग्रॅमची पातळ भाकरी 27 ग्रॅमवर येते, आणि अशी एक भाकरी दोन वेळा ताटात राहू शकते. भाकरी साफ तोडून टाकणारे आहार आहेत, पण घरच्या घरी त्यांच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. ज्या माणसाला भाकरीबिगर जेवल्यासारखं वाटत नाही, तो आठवड्यात सगळंच सोडून देतो.

कणगीत वर्षभराची ज्वारी भरलेली असेल तर ती वाया जात नाही. लेकरं आणि दिवसभर खुरपणीला जाणारी, शुगर नसलेली माणसं ती खातीलच. पिठातच थोडा बदल करता येतो. लातूर, नांदेड, धाराशिव, हिंगोली पट्ट्यात सोयाबीन पोत्यांनी पिकतं आणि सगळं आडतीवर जातं, घरच्या डब्यात येतच नाही. ते निवडून, खरपूस भाजून, ज्वारीच्या तीन वाट्यांना एक या मापानं दळून आणा. कच्चं वापरायचं नाही, ते पचत नाही. प्रथिनं वाढतात, कर्बोदकं घटतात. भाकरी मात्र थोडी तुटते, थापणाऱ्या हाताला ते आधीच सांगून ठेवा. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी गोळी आणि सोयाबीन यांच्यात काही तासांचं अंतर ठेवावं.

भाकरी कमी झाली की पोट माळव्यानं भरायचं, म्हणजे माळवं दुप्पट लागणार. आठवडी बाजाराचं बजेट त्या हिशोबानं वाढवा. तांदुळजा, शेपू, मेथी, चाकवत, अंबाडी, घोळ. वांगी, दोडका, गवार, भेंडी, दुधी. अंबाडीच्या भाजीत कण्या घालायची रीत आहे, त्या चिमूटभर ठेवा आणि शेंगदाणे वाढवा. येसराच्या (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाच्या) आमटीतलं धान्य चमचाभरच असतं, त्याची काळजी करू नका. पिठलं चालेल, वाटीभर. जवस, कारळं, शेंगदाणा यांच्या चटण्या करून बरण्या भरून ठेवा, ऐनवेळी त्याच कामाला येतात. मात्र शेंगदाणे मूठमूठ खात बसलं तर वजन हलत नाही. एप्रिल-मेमध्ये पालेभाजी महाग होते, तेव्हासाठी हिवाळ्यातच मेथी आणि गवार वाळवून ठेवा. सांडगे डाळीचे म्हणून बेतानं चालतात, कुरडया आणि शेवया बाजूला. घरी खात असतील तर अंडी, मासे, मटण आहेच, फक्त रश्श्यात भाकरी कुस्करण्याची सवय जरा आवरावी लागेल. माळकरी घरात दही, पनीर, सोयाबीन आणि मूग-मटकीवर भागतं, पण डाळी-कडधान्यांतही कर्बोदकं असतात, ती वाटीनं मोजा.

न्याहारीचे सुशीला (मुरमुऱ्यांचा), पोहे, उप्पीट रोजचे असतील तर ते आठवड्यातून एखाद्या वेळेवर आणा. त्याऐवजी मुगाचं धिरडं, अंडी, किंवा रात्रीची भाजी आणि दही. टोस्ट-खारीची बरणी भरणं बंद करा. समोर नसली की आठवण निम्मी होते. चहा सगळ्यांचाच बिनसाखरेचा उकळा आणि ज्याला हवी त्यानं वरून साखर घ्यावी, पाहुण्यालाही तसंच विचारा. गुळाचा चहा चालतो ही समजूत काढून टाका, सेंद्रिय गूळही साखर तितकीच वाढवतो. आणि गंमत म्हणजे साखरेचा डबा घरातून हद्दपार करायचा नाही. रक्तातली साखर उतरली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून द्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. हे घरातल्या मोठ्या मुलांनाही शिकवून ठेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही, सरळ दवाखाना.

सगळ्यात अवघड तयारी माणसांची. चूल एकच ठेवा. एकासाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं रांधायचं म्हटलं तर ते ओझं घरातल्या सुनेवर पडतं, आणि महिन्याभरात ती किंवा आहार यांपैकी एक थकतो. भाजी, वरण, चटणी, ताक सगळ्यांना तेच, फरक फक्त भाकरी-भाताच्या मापात. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया यांची भाकरी मुळीच कापायची नाही. शुगर घरातल्या बाईलाच असेल तर अजून एक गोष्ट बघा. ती शेवटी जेवते, भाजी संपलेली असते आणि उरलेला भात वाया जाऊ नये म्हणून तीच खाते. तिची भाजी आधी काढून झाकून ठेवायची, आणि हे काम दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर लिहा.

आजी-आजोबांशी दोन आठवडे आधीच बोला. एकादशीच्या साबुदाण्याला पर्याय हाच वाद रंगणार आहे. दही, शेंगदाण्याची आमटी, काकडी यांवर बहुतेक तडजोड होते. ज्यांना औषधानं साखर उतरण्याचा धोका आहे त्यांनी कडक उपवास करूच नये. येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात भज्जी, म्हणजे भाज्या-शेंगांची मिसळ भाजी, पोटभर खा, खिचडा आणि आंबिल चवीपुरतं. पंगतीत आग्रह होणारच, ताटावर आडवा हात धरायला लाजू नका. सीताफळ आणि केसर आंब्याच्या दिवसांत एखादी फोड, तीही जेवणानंतर लगेच नको. एरवी पेरू, जांभूळ, आवळा.

सुरुवात उन्हाळ्यात करत असाल तर जपून. कर्बोदकं घटली की पहिल्या आठवड्यात अंगातून पाणी आणि मीठ जास्त जातं, त्यात आपल्याकडचं ऊन. डोकं जड होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. मीठ घातलेलं ताक दिवसातून दोनदा, पण बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर मिठाचं आधी विचारून. लग्नसराई आणि दिवाळी टाळून, रिपोर्ट हातात आल्यावर, बाजारच्या दुसऱ्या दिवशी सुरुवात करा. पहिला आठवडा सकाळी उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी मोजून वहीत लिहा. आकडे सलग खाली येत असतील तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, म्हणजे गोळी वेळेत कमी होईल.