द्राक्षबागेतून आलेली स्प्लेंडर: जुनी गाडी हातात आल्यावर आधी काय करायचं

गाडी घरी आणली त्या संध्याकाळी मागच्या चाकाचे स्पोक पुसायला घेतले, तर फडक्यावर निळसर हिरवा डाग उतरला. मोरचुदाचा, म्हणजे बागेवर फवारतात त्या तांब्याच्या क्षाराचा. २००९ ची हिरो होंडा स्प्लेंडर प्लस, दिंडोरीकडच्या एका द्राक्षबागायतदाराकडून घेतलेली. इतकी वर्षं फवारणीचा पंप आणि औषधाचे डबे तिच्यावरूनच बागेत गेले. मोरचूद लोखंड खातं. निपलपाशी, म्हणजे रिममध्ये स्पोक कसणाऱ्या नटापाशी, पाच स्पोक इतके झिजले होते की पकडीनं जरा पिळताच हातात आले.

म्हणून जुनी गाडी घेताना मीटरवरच्या किलोमीटरपेक्षा गाडीनं काम काय केलं ते विचारा. दूधवाल्याची असेल तर मागचे शॉकअप आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मचे बुश बघा. इगतपुरी-घोटीकडची, पावसात उभी राहिलेली असेल तर टाकीत टॉर्च मारून गंज बघा. शहरातली असेल तर क्लच.

आमची गाडी मुलासाठी घेतली. तो सिन्नरला माळेगाव एमआयडीसीत आहे आणि सेकंड शिफ्ट सुटली की मध्यरात्रीच्या सुमारास मोहदरी घाटातून घरी येतो. त्यामुळे सीट कव्हर, स्टिकर, पॉलिश हे सगळं मी मागे ठेवलं. पहिला पैसा ब्रेक, टायर आणि लाईटवर घातला. तुम्हीही हाच क्रम धरा, असं मी आग्रहानं सांगेन.

ब्रेकशू बदलले म्हणजे ब्रेकचं काम झालं, असं समजू नका. चाक काढून ब्रेकचं पॅनल बाहेर घ्या. आतली काळी धूळ फुंकू नका, हवेनंही उडवू नका, ती छातीत जाते. ओल्या फडक्यानं पुसा. मग शू दाबणारा कॅम हातानं फिरवून बघा. जुन्या गाडीत तो सुकून जाम झालेला असतो. ब्रेक सोडला तरी शू पूर्ण मागे येत नाही, ड्रम तापत राहतो, ॲव्हरेज पडतं आणि मालक कार्बोरेटरला दोष देत बसतो. आमचा कॅम ठोकूनच काढावा लागला. एमरी पेपरनं घासा, उडदाच्या दाण्याएवढं ग्रीस लावा, जास्त नको, कारण तापल्यावर ते वितळून लायनिंगवर गेलं तर नवे शूही वाया. पुढे शू कधी बदलायचे हे बाहेरूनच कळतं: ब्रेक पूर्ण दाबल्यावर आर्मजवळचा बाण पॅनलवरच्या खुणेला लागला की संपले.

टायरच्या कडेला शेवटी चार आकडे असतात. आमच्या मागच्या टायरवर २३१४ होतं, म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. नक्षी बरी दिसत होती, पण रबर दगडासारखं झालेलं आणि बारीक भेगा पडलेल्या. असा टायर ओल्या डांबरावर धरत नाही. दोन्ही टायर २.७५-१८ मापाचे नवे घातले, मोडलेले स्पोक भरून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला. हवा पुढे २५, मागे एकट्याला २८.

ऑईल इंजिन गरम असताना काढा. नवं घातल्यावर पाचशे किलोमीटरलाच ते पुन्हा बदला, पहिलं ऑईल आतला मळ धुण्यातच खर्ची पडतं. या गाडीला बदलायचा कागदी फिल्टर नाही. उजव्या कव्हरखाली क्रँकच्या टोकाला एक फिरता फिल्टर असतो, फिरताना जड मळ त्याच्या कडेला चिकटतो. तो सहसा कुणी उघडत नाही. आमच्यात स्क्रूड्रायव्हरला लोण्यासारखा काळा गाळ लागला. कव्हर बसवताना गॅस्केट नवंच घाला.

पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं. कार्बोरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू ढिला करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या, पाच मिनिटं ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर टाकीही रिकामी करून धुवावी लागेल. पेट्रोलची नळी जुनी, कडक असेल तर दहा मिनिटांचं काम आहे, बदलून टाका.

चेनला मध्यभागी २० ते ३० मिलिमीटर खेळ ठेवा.

कागदपत्रांत चालढकल नको. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या व्यवहाराच्या दिवशीच घ्या. पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर नोंदणीचं नूतनीकरण झालंय का ते आरसी बुकात स्वतः वाचा, नाहीतर नाशिकला पेठ रोडच्या आरटीओत तुम्हालाच उभं राहावं लागेल. एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबरप्लेटही लागते.

आता लाईट. मुलानं हौसेनं एलईडी बल्ब आणला, तो लुकलुकला आणि आठवड्यात गेला. कारण या मॉडेलचा हेडलाईट बॅटरीवर नाही, इंजिनाबरोबर वीज बनवणाऱ्या कॉईलच्या थेट एसी करंटवर चालतो, म्हणून रेस वाढवली की उजेड वाढतो. वायरिंग तोडून तो बॅटरीवर घेतला तर अडीच अँपिअर-अवरची छोटी बॅटरी लवकर उतरते. मी ३५/३५ वॅटचा साधा हॅलोजनच ठेवला. रिफ्लेक्टरची चांदी उडाली होती, तो नवा घातला, अर्थिंगचं टोक घासून पुन्हा कसलं. उजेडात फरक लगेच दिसला. फोकस मात्र गाडी स्टँडवर लावून सेट करू नका. चालवणाऱ्याला सीटवर बसवा, दोन्ही चाकं जमिनीवर ठेवा, कारण माणूस बसला की मागचा शॉकअप दबतो आणि झोत वर, समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.