‘द युनिकॉर्न अँड द वास्प’ दुसऱ्यांदा बघताना

काळात प्रवास करणाऱ्या ‘डॉक्टर’ची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका ‘डॉक्टर हू’, तिचा हा भाग १७ मे २००८ रोजी पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी पाऊण तास. १९२६ सालचा इंग्लंडमधला बंगला, गार्डन पार्टी, लायब्ररीत प्राध्यापकाचा मृतदेह, ‘युनिकॉर्न’ नावाचा दागिनेचोर, माणसाहून मोठी गांधीलमाशी आणि पाहुण्यांत खुद्द रहस्यकथा लेखिका ॲगाथा ख्रिस्ती. पहिल्या खेपेला आपण हसण्यात इतके गुंततो की पुरावे नजरेसमोरून निघून जातात, कारण लेखक गॅरेथ रॉबर्ट्स यांनी ते विनोदांच्या आत दडवलेत. म्हणून हा भाग पुन्हा बघायचा, आणि वही घेऊन बघायचा. पुढे गुन्हेगार कोण ते येतं. पाहिला नसेल तर आधी पाहून या.

सुरुवात आवाजापासून करा, कारण या भागात सगळं काही संवादात आहे. सोलापुरात मे महिन्यात कूलर बंद ठेवून बसणं कठीण, आणि कूलरच्या घरघरीत ब्रिटिश बोली कळणं त्याहून कठीण. भाग लावायच्या आधी तासभर कूलर पूर्ण वेगात चालवून खोली गार करून घ्या, मग सगळ्यात कमी वेगावर आणा. फरशी आणि स्लॅबच्या रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि शब्दांच्या कडा पुसल्या जातात. बसणाऱ्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर दोन जाड सोलापुरी चादरी दोरीवर टाका. ताणून नाही, चुण्या पडू देत, आणि भिंतीपासून चार बोटं सुट्या ठेवा. चादर खर्जातला आवाज अडवत नाही, पण ‘स’, ‘ट’, ‘क’च्या तीक्ष्ण टोकांचं घुमणं शोषून घेते. गच्चीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर साडेसातच्या आत नीट काही दिसत नाही. पडद्याचे खालचे कोपरेही बांधा. वळवाचा वारा सुटला की पडदा शिडासारखा फुगतो.

डीव्हीडी विलायतेहून मागवली असेल तर ती बहुधा रीजन २ची, म्हणजे तिकडच्या विभागासाठीची असते, आपल्याकडचे प्लेअर रीजन ५चे. आपल्याच रीजनवर लॉक असलेला प्लेअर ती घेत नाही. पाहुणे येण्याआधी लावून बघा.

इंग्रजी सबटायटल चालू ठेवाच. शेजारी बसून कुणी मराठीत सांगत गेलं तर अर्धी मजा जाते, कारण ख्रिस्तीच्या पुस्तकांची नावं साध्या बोलण्यात पेरलेली आहेत: ‘स्पार्कलिंग सायनाइड’, ‘द मूव्हिंग फिंगर’, ‘अपॉइंटमेंट विथ डेथ’. प्रत्येकाने आपापल्या वहीत नावं मोजावीत आणि शेवटी आकडे जुळवावेत. मी म्हणेन, दहाच्या खाली आलात तर पुन्हा लावा.

आता खरं काम. एक पान आडवं धरून तीन रकाने आखा: कोण, सव्वाचारला कुठे होतो म्हणतो, प्रत्यक्षात काय दिसतं. डॉक्टर एकेकाची चौकशी करतो तेव्हा प्रत्येकाची आठवण पडद्यावर दिसते, आणि तोंडचं बोलणं तिच्याशी जुळत नाही. लेडी एडिसनचे पती कर्नल काय वाचत होतो म्हणतात आणि त्यांच्या मनात काय नाचत होतं, इथे थांबून लिहून घ्या. घाईत पुढे गेलात तर रकाना रिकामा राहतो, आणि शेवटच्या उलगड्यात कोण कशामुळे सुटला ते कळत नाही.

सगळ्यात जास्त वेळ गार्डन पार्टीला द्या. बंगल्याच्या यजमानीण लेडी एडिसन पाद्री गोलाइटलींना विचारतात की गुरुवारी रात्री चर्चमध्ये चोर शिरले होते म्हणे. पाद्री म्हणतात, ख्रिश्चन फादर्सनी आम्हाला ‘ट्रेसपास’ माफ करायला शिकवलंय. या शब्दाचे अर्थ दोन: पाप, आणि परवानगीशिवाय आत शिरणं. त्या कोटीवर सगळे हसतात. पाठोपाठ लेडी एडिसनचा मुलगा रॉजर म्हणतो की अशा पोरांना चोपलंच पाहिजे, त्याला नोकर डेव्हनपोर्टचा होकार येतो आणि आपलं लक्ष त्या दोघांकडे वळतं. अर्ध्या मिनिटात दोन पुरावे पडून गेलेले असतात, कारण गुन्हेगार हाच पाद्री: लेडी एडिसनचा लहानपणी दुरावलेला मुलगा, आणि गांधीलमाशीही तोच. ‘फादर्सनी शिकवलं’ म्हणजे हा माणूस अनाथाश्रमात वाढलाय. गुरुवार म्हणजे त्याला आयुष्यात पहिल्यांदा खरा संताप आला ती रात्र. त्याच रात्री लेडी एडिसन ख्रिस्तीची कादंबरी वाचत होत्या. त्यांच्या गळ्यातल्या रत्नामुळे दोघांची मनं जोडली गेली, आणि कादंबरीतल्या खुनांची पद्धत पाद्र्याच्या डोक्यात उतरली. हा प्रसंग दोनदा, सबटायटल वाचत बघा.

दागिनेचोर एका शब्दावर पकडली जाते: उच्चभ्रू बाई शौचालयाला ‘लू’ म्हणते, पाहुणी म्हणून आलेली रॉबिना ‘टॉयलेट’ म्हणाली. आणि सूपमध्ये डॉक्टर मिरपूड घालतो ती मिऱ्यातल्या पायपरीनमुळे. त्याचा कीटकनाशक गुण खराच आहे. मात्र सायनाइडची विषबाधा झाल्यावर डॉक्टर स्वयंपाकघरात करतो तो उतारा निव्वळ गंमत आहे, हे मुलांना नीट सांगून ठेवा.

आपल्याला जवळचा धागा १८८५च्या दिल्लीचा. लेडी एडिसनचं गुपित तिथून येतं, आणि ते ठाऊक असलेली मिस चंद्रकला मारली जाते. लेडी एडिसनची भूमिका करणाऱ्या फेलिसिटी केंडल यांचं बालपण आई-वडिलांच्या नाटक कंपनीबरोबर भारतात गेलं. शशी कपूर यांच्या पत्नी जेनिफर या त्यांच्या थोरल्या बहीण.

इतिहास ताडून बघायचा तर, कथा ख्रिस्ती खरोखर गायब झाल्या त्या दिवसांत घडते: ख्रिस्ती ३ डिसेंबर १९२६च्या रात्री घरातून निघाल्या, गाडी न्यूलँड्स कॉर्नरला बेवारस सापडली, आणि ११ दिवसांनी त्या हॅरोगेटच्या हॉटेलात मिळाल्या. एक मोठी चूक: डिसेंबरात इंग्लंडला चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि इथे उन्हात, हिरवळीवर सरबतं चाललीत. मला ती खटकत नाही. थंडीत कोंडलेल्या बंगल्यात हा खेळ इतका हलका राहिला नसता.

श्रेयनामावली येईपर्यंत रिमोटला हात लावू नका. डॉक्टर ‘सी’ अक्षराची पेटी उघडतो. तिच्यातून ख्रिस्तीची ‘डेथ इन द क्लाउड्स’ निघते आणि मुखपृष्ठावर भलीमोठी गांधीलमाशी असते. तो आतलं पान उलटतो तिथे पॉज करा: छपाईचं साल पाच अब्ज.