माऊस जीन ओव्हरएक्सप्रेस करायचाय? व्हायरस ठरवण्याआधी जीनची लांबी मोजा

ओव्हरएक्सप्रेस म्हणजे जीनचं प्रोटीन सेलमध्ये नेहमीपेक्षा जास्त बनवणं, आणि जीन आत न्यायला व्हायरस वापरतात. नवीन मुलं लॅबमध्ये आली की पहिला प्रश्न हाच, एएव्ही (अॅडिनो-असोसिएटेड व्हायरस) घेऊ की लेंटी (लेंटीव्हायरस)? पण आधी जीन किती मोठा आहे ते बघा, अर्धं उत्तर तिथेच मिळतं.

एनसीबीआयवर (जीन सीक्वेन्सचा ऑनलाइन डेटाबेस) जाऊन माऊसचाच सीक्वेन्स काढा. माऊस जीनच्या नावात फक्त पहिलं अक्षर कॅपिटल असतं आणि ह्यूमनच्या नावात सगळी, घाईत क्लोन ऑर्डर करताना इथेच घोळ होतो. आणि फक्त कोडिंग भाग घ्या, म्हणजे स्टार्टपासून स्टॉपपर्यंत. आयसोफॉर्म, म्हणजे एकाच जीनची वेगवेगळी रूपं, अनेक असतील तर तुमच्या टिश्यूत कुठला असतो ते आधी शोधा, हे काम कंटाळवाणं आहे पण टाळू नका.

आता हिशोब. एएव्हीत एकूण साधारण ४.७ केबी (किलोबेस, म्हणजे हजार डीएनए अक्षरं) मावतं. त्यात दोन्ही टोकांचे आयटीआर (पॅकेजिंगला लागणारे टोकाचे सीक्वेन्स) मिळून जवळपास ०.३ गेले, सीएजी प्रमोटर (जीन चालू करणारा भाग) घेतला तर १.७ च्या आसपास, एक्सप्रेशन वाढवणारा डब्ल्यूपीआरई ०.६, आरएनए संपवणारा पॉलीए सिग्नल ०.२, म्हणजे जीनला उरले फक्त १.९ केबी, आणि वरून जीएफपी (हिरवं चमकणारं प्रोटीन) जोडायचा म्हटला तर त्याचेच ०.७ जातात. न्यूरॉनसाठी सिनॅप्सिन प्रमोटर घेतला तर तो अर्ध्या केबीचा, तेवढी जागा सुटते. तरीही मावत नसेल तर ओढूनताणून कोंबू नका, पॅकेजिंग पडतं आणि अर्धवट जीनोम भरले जातात. सरळ लेंटीकडे वळा, तिथे ८ केबीपर्यंत चालतं.

लेंटी जीनोममध्ये इंटिग्रेट होतो म्हणून स्टेबल सेल लाईनला उत्तम, न विभागणाऱ्या सेल्समध्येही जातो. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, लेंटीच्या कॅसेटमध्ये (प्रमोटर आणि जीनचा तुकडा) जीनमागे सरळ दिशेने स्वतंत्र पॉलीए टाकायचा नाही, व्हायरसचा आरएनए तिथेच तुटतो आणि टायटर (व्हायरसचं प्रमाण) कोसळतं. जिवंत उंदरात मात्र मी बहुतेक वेळा एएव्हीच घेईन. त्याचे सिरोटाईप, म्हणजे प्रकार, वेगवेगळे असतात, लिव्हरला एएव्ही ८, हार्टला एएव्ही ९. मेंदूसाठी शिरेतून पीएचपी डॉट ईबी (एएव्हीचाच एक बदललेला प्रकार) द्यायचा असेल तर उंदराची स्ट्रेन बघा, सी५७बीएल/६ मध्ये तो मस्त चालतो पण बाल्ब-सीमध्ये मेंदूत जवळजवळ जातच नाही, कारण तो ज्या एलवायसिक्सए प्रोटीनला धरून आत शिरतो ते तिथे वेगळं असतं.

माझे एकदा दोन महिने वाया गेले ते आयटीआरमुळे. बॅक्टेरियात प्लास्मिड वाढवताना आयटीआर उडतात आणि जीनचं सीक्वेन्सिंग अगदी स्वच्छ येतं, त्यामुळे कळतच नाही, मी तोच प्रेप व्हायरससाठी पाठवला आणि टायटर नगण्य आलं. तेव्हापासून स्टेबलथ्रीसारख्या रिकॉम्बिनेशन कमी करणाऱ्या सेल्समध्ये ३० डिग्रीला वाढवते, आणि प्रत्येक मिनीप्रेप (थोडासा काढलेला प्लास्मिड) आयटीआरमध्ये कापणाऱ्या स्मावन (SmaI) एन्झाईमने कापून जेलवर बघते. बँड अपेक्षेप्रमाणे नसले तर तो क्लोन सरळ फेकते.

व्हायरस आला की छोटे अॅलिकॉट करून उणे ८० मध्ये, परत परत गोठवणं-वितळवणं नको. आधी कल्चरमध्ये दोन-तीन डोस लावून वेस्टर्न ब्लॉट (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखण्याची चाचणी) करा. अँटिबॉडी मूळ माऊस प्रोटीनलाही धरते, त्यामुळे बँड कोणाचा ते कळायला प्रोटीनला जोडलेला छोटा फ्लॅग किंवा एचए टॅग (ओळखखूण) उपयोगी पडतो. एएव्हीचं एक्सप्रेशन उंदरात भरात यायला दोन-तीन आठवडे लागतात, चौथ्या दिवशी काही दिसलं नाही म्हणून घाबरू नका.

कंट्रोल म्हणून नुसतं सलाईन पुरत नाही. तोच सिरोटाईप, तोच प्रमोटर, तोच डोस, जीनच्या जागी जीएफपी हवा, आणि प्रोटीन एन्झाईम असेल तर त्याचा निष्क्रिय म्युटंट त्याहून चांगला. मूळच्या पन्नासपट प्रोटीन भरलं तर सेल त्या ओझ्यानेच आजारी पडते आणि आपण ते जीनचं काम समजून बसतो, म्हणून कमी डोसचा एक ग्रुप पहिल्याच प्रयोगात ठेवा.