साथीतल्या आरोप-प्रत्यारोपांत आकडा कसा तपासावा

साथ आली की रुग्णांबरोबर आरोपही रोज वाढतात. केंद्र राज्याकडे बोट दाखवतं, राज्य केंद्राकडे, आणि घरात आजारी माणूस असलेल्यानं विश्वास कोणावर ठेवायचा हे कळेनासं होतं. बहुतेक आरोप वही-पेन घेऊन अर्ध्या तासात तपासता येतात.

आरोपाचं वाक्य शब्दशः उतरवून घ्या. खाली लिहा: काय मोजलंय, कुठे मोजलंय, कोणत्या तारखेपर्यंतचं. निम्मं भांडण इथेच सुटतं, कारण दोन्ही बाजू वेगवेगळी गोष्ट मोजत असतात. ७ एप्रिल २०२१ चा कोविड लसींचा वाद घ्या. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणाले, १४ लाख डोस उरलेत, तीन दिवस पुरतील. त्याच दिवशी केंद्रीय आरोग्यमंत्री हर्ष वर्धन यांनी, राज्य स्वतःचं अपयश झाकतंय, असा आरोप केला. इथे भागाकार करा: शिल्लक साठा भागिले रोजचा खप. रोज पाच लाख डोस टोचायचे तर १४ लाख जेमतेम तीन दिवस पुरतात, म्हणजे टोपेंचं गणित बरोबर. पण राज्याला वाटा कमी मिळाला का, हे या भागाकारातून कळत नाही. त्यासाठी आजवर आलेले एकूण डोस राज्यातल्या, तेव्हा लसपात्र असलेल्या ४५ वर्षांवरील लोकसंख्येशी ताडावे लागतात आणि तेच दुसऱ्या राज्यांसाठीही करावं लागतं. ‘साठा संपत आलाय’ आणि ‘भरपूर डोस दिलेत’ ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मृत्यूंच्या आकड्यात सगळ्यात जास्त फसगत होते. १६ जून २०२० ला महाराष्ट्राने आधीचे १,३२८ मृत्यू एकदम यादीत घातले, त्यातले ८६२ मुंबईचे. तो आकडा एका दिवसाचा समजला तर हाहाकार वाटतो. पण त्याचा दुसरा अर्थ असा की त्याआधीचे आकडे प्रत्यक्षापेक्षा कमी होते. म्हणून मृत्यू नोंदीच्या तारखेने मांडू नका, प्रत्यक्ष मृत्यूच्या तारखेने मांडा. रविवारी चाचण्या कमी होतात, त्यामुळे सोमवारचा बाधितांचा आकडा पडतो आणि ‘साथ ओसरली’ म्हणणारे पुढे येतात. सात दिवसांची सरासरी घ्या.

पॉझिटिव्हिटी रेट म्हणजे बाधित भागिले चाचण्या, गुणिले शंभर. जून २०२१ मध्ये राज्याने निर्बंधांचे पाच स्तर ठरवले. पहिल्या स्तरासाठी हा दर ५ टक्क्यांखाली आणि ऑक्सिजन बेड २५ टक्क्यांपेक्षा कमी भरलेले हवे होते. दर खाली आलेला दिसला की आधी चाचण्यांचा प्रकार पाहा. अँटिजेन चाचणीतून आरटीपीसीआरपेक्षा जास्त बाधित निसटतात. तिचं प्रमाण वाढवलं की साथ तेवढीच असतानाही दर उतरतो.

आता शब्द. २० जुलै २०२१ ला राज्यसभेत लेखी उत्तर आलं: ऑक्सिजनअभावी मृत्यू झाल्याचं राज्यांनी विशेषत्वाने कळवलेलं नाही. ‘कळवलं नाही’ आणि ‘झाले नाहीत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २१ एप्रिललाच नाशिकच्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला होता आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. असं उत्तर वाचलं की विचारा: माहिती मागवली कोणी, भरून पाठवायची कोणी?

जबाबदारी ठरवताना तारीख पाहाच. राज्यघटनेनुसार सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे, म्हणजे राज्याच्या अखत्यारीत; एका राज्यातून दुसऱ्यात रोग पसरू न देणं समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही. लसखरेदीचे नियम तर दोनदा बदलले: १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयोगटासाठीची खरेदी राज्यांवर आली, २१ जूनपासून ७५ टक्के लस केंद्र घेऊ लागलं. मे महिन्यातल्या टंचाईचा जाब आणि जुलैतल्या टंचाईचा जाब एकाच दारात विचारता येत नाही.

एवढं करूनही शंका उरली तर महापालिकेकडे किंवा नगरपरिषदेकडे माहिती अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत. ‘कोविडचे मृत्यू’ मागू नका, त्याच्या व्याख्येवरून वाद घालता येतो. साथीआधीच्या एप्रिल २०१९ आणि साथीतल्या एप्रिल २०२१ मधले सर्व कारणांचे मृत्यू, मृत्यूच्या तारखेनुसार मागा आणि दोन्ही ताडून पाहा. मृत्यू नोंदवायची मुदत २१ दिवसांची असते आणि उशिरा येणाऱ्या नोंदीही असतात, तेव्हा महिना संपल्यावर लगेच अर्ज करू नका. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा.