लिनक्स बसलं? आता या चुका टाळा

इंदूरच्या सिल्व्हर मॉलमधून एसएसडी घालून आणलेला जुना लॅपटॉप, त्यावर लिनक्स मिंट, आणि पहिल्याच फटक्यात इन्स्टॉल. इथवर बरेच जण पोहोचतात. घोळ सुरू होतो पुढच्या पंधरवड्यात, आणि बहुतेक वेळा कारण एकच असतं: स्क्रीनवर काय लिहून आलंय ते न वाचता कुठूनतरी उचललेली कमांड सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवणं. खालच्या कमांड देवनागरीत दिल्या आहेत, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करा. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

ऊठसूट सुडो

स्वतःच्या होम फोल्डरमधल्या फाइलीला सुडो लागत नाही. तरीही लावला, तर त्या प्रोग्रॅमने तिथे लिहिलेल्या फाइली रूटच्या, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य प्रशासकाच्या, मालकीच्या होऊ शकतात. मग एक दिवस पासवर्ड बरोबर टाकूनही स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा लॉगिनच समोर येतं. इथे घाबरून लोक सगळं पुसून नव्याने इन्स्टॉल करतात. कृपा करून तसं करू नका.

कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकत्र दाबा आणि काळ्या स्क्रीनवर नाव-पासवर्ड देऊन आत जा. पासवर्ड टाइप होताना ठिपकेसुद्धा दिसत नाहीत, कीबोर्ड बिघडलेला नसतो. आधी ‘डीएफ -एच’ चालवा. डिस्क १०० टक्के भरली असेल तरी हेच लक्षण दिसतं. तेव्हा ‘सुडो एपीटी क्लीन’ने डाउनलोड होऊन पडलेली पॅकेजेस निघतात आणि थोडी जागा होते. जागा असेल तर ‘एलएस -एलए’ने फाइलींची यादी बघा. टिंबाने सुरू होणाऱ्या एक्सऑथॉरिटी फाइलसमोर तुमच्या नावाऐवजी रूट दिसलं की चोर सापडला. ‘सुडो सीएचओडब्ल्यूएन’, पुढे तुमचं युजरनेम, पुढे त्या फाइलचं नाव, यातला एक्स मोठा. मग रीबूट. पाच मिनिटांचं काम आहे.

परवानगी नाही? मग ७७७

परवानगी नाही असं आलं की लोक ‘सीएचएमओडी ७७७’ चालवतात; ही कमांड फाइलीच्या परवानग्या बदलते. वाचणं ४, लिहिणं २, चालवणं १, मिळून ७. तीन साती म्हणजे मालक, गट आणि बाकी सगळे, सर्वांना सर्व मुभा. एसएसएच म्हणजे दुसऱ्या मशीनवर दुरून शिरायचं साधन; त्याच्या खासगी किल्लीच्या फाइलीला ७७७ केलं की एसएसएच ती किल्ली वापरायला नकार देतं. तिला ६०० हवं. आपली स्क्रिप्ट चालवायला ‘सीएचएमओडी यू+एक्स’ पुरतं. सर्वांत वाईट म्हणजे सिस्टिमच्या सेटिंग्जच्या ईटीसी फोल्डरवर मोठा आर लावून, म्हणजे आतल्या सगळ्या फाइलींसकट, ७७७ करणं. सुडो कोणी वापरायचा हे ठरवणाऱ्या सुडोअर्स फाइलीत कोणीही लिहू शकतं हे पाहून सुडो कामच करत नाही, म्हणजे दुरुस्तीचं हत्यारही हातातून गेलं. मग रिकव्हरी मोडमधून रूट म्हणून शिरावं लागतं.

अपडेट अर्धवट

इंदुरात पावसाळ्यात लाइट गेली आणि लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल, तर अपडेट मध्येच तुटतं. परत सुरू झाल्यावर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’, त्यानंतर ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’, याच क्रमाने. लॉक मिळत नाही असं आलं, तर लॉक फाइल उडवू नका. मागे दुसरं अपडेट चालू असतं. संदेशात त्या प्रोसेसचा क्रमांकही दिलेला असतो. दहा मिनिटं थांबा.

टाइमशिफ्ट म्हणजे फोटोंचा बॅकअप नव्हे

टाइमशिफ्ट हा मिंटमधला प्रोग्रॅम सिस्टिमच्या फाइलींची त्या वेळची प्रत, म्हणजे स्नॅपशॉट, जपतो, होम फोल्डर मुळात वगळतो. शिवाय त्याच डिस्कवर ठेवलेला स्नॅपशॉट डिस्कसोबतच जातो. लग्नाचे फोटो वेगळ्या बाह्य डिस्कवर ठेवा, आणि त्यातले दोन-चार उघडून बघा.

घड्याळ साडेपाच तास मागे

सोबत विंडोज असेल तर तिथे हे दिसतं. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, विंडोज स्थानिक वेळ समजतं. ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ एकदा चालवा.

आरएमच्या आधी एलएस

आरएम फाइल पुसतं, एलएस फक्त यादी दाखवतं, आणि टर्मिनलला कचरापेटी नाही. ‘आरएम पावती*’ लिहिताना पावती आणि ताऱ्याच्या मध्ये एक स्पेस पडली, तर त्या फोल्डरातल्या दिसणाऱ्या सगळ्या फाइली गेल्या. म्हणून आधी ‘एलएस पावती*’ चालवा, यादी वाचा, मग वरचा बाण दाबून तीच ओळ परत आणा आणि फक्त एलएसचं आरएम करा. तारा पुन्हा टाइप करू नका.