जी-४१ बोर्डावर ४ जीबीची नवी रॅम चालत नव्हती: माझा अनुभव

लक्षण असं: डीडीआर३ रॅमचा, जी-४१ चिपसेटचा (रॅम आणि प्रोसेसर जोडणाऱ्या मुख्य चिपचा) जुना बोर्ड. ४ जीबीची नवी रॅम लावली की पंखा फिरतो, बीप वाजते, स्क्रीन काळीच. तीच रॅम दुसऱ्या, नव्या पीसीत बिनतक्रार चालते. खोडरबरने संपर्कपट्ट्या पुसल्या, स्लॉट बदलला, बायॉस (पीसी सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम) रीसेट केला. डोकं पार उठलं.

गोम रॅमवरच्या चिपच्या घनतेत, म्हणजे एका चिपमध्ये किती डेटा मावतो त्यात आहे. हा चिपसेट २ गिगाबिटपर्यंतचीच चिप ओळखतो. ४ जीबी फक्त ८ चिप्समध्ये बसवली असेल तर प्रत्येक चिप ४ गिगाबिटची होते (१ जीबी म्हणजे ८ गिगाबिट), आणि गाडी तिथेच अडते.

म्हणून घेताना लेबलवर २आर×८ (एका वेळी ८ बिट देणाऱ्या चिप्सचे दोन संच) बघा, १आर×८ (असा एकच संच) नको. मग चिप्स मोजा: दोन्ही बाजू मिळून १६. नुसत्या मोजणीवर मात्र जाऊ नका. ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून मिळणाऱ्या स्वस्त रॅममध्येही १६च असतात, पण ×४ रचनेच्या (एका वेळी ४ बिट देणाऱ्या). त्या इथे चालत नाहीत.

बसवताना मेन स्विच बंद करा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, आधी एकच रॅम लावा. बायॉसमध्ये ४०९६ एमबी दिसले की बंद करून दुसरी. शेवटी मेमटेस्ट८६ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅमची एक पूर्ण फेरी. आता पूर्ण ८ जीबी दिसतात. विंडोज अर्थात ६४ बिटची हवी.