भाजलेल्या भाज्यांचे गोड आणि खारे-तिखट स्टार्टर्स: वीस पाहुण्यांसाठी

ओव्हनमध्ये भाज्या भाजणं सोपं असतं. पण त्या पाहुण्यांपुढे एका घासाच्या तुकड्यात मांडायच्या, तासभर टेबलावर राहूनही चांगल्या लागायला हव्यात, आणि खाणाऱ्याच्या एका हातात पेला असणार, असं म्हटलं की काम बदलतं. ताटातल्या भाजीसारखी ती मऊ पडून चालत नाही. बोटांनी किंवा टूथपिकने उचलताना तुटायला नको, हाताला पाकही लागायला नको.

ह्यातल्या बहुतेक चुका दोनच गोष्टींतून होतात. भाजीतलं पाणी नीट जात नाही, आणि गोड पदार्थ फार लवकर घातला जातो.

पाणी, आच आणि ट्रे

गाजर, फ्लॉवर, शिमला मिरची, मशरूम ह्या भाज्यांत जवळपास नव्वद टक्के पाणी असतं. भाजीचा पृष्ठभाग ओला असेपर्यंत त्याचं तापमान १०० अंशांच्या आसपासच अडकून राहतं. खरपूस रंग आणि चव येते ती साधारण १४० अंशांच्या पुढे. म्हणजे पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत भाजी भाजली जात नसते, नुसती वाफवली जात असते. म्हणून धुतलेली भाजी सुती कापडाने पुसून घ्या, नुसती निथळत ठेवून भागत नाही. फ्लॉवर तर शक्यतो दोन तास आधी धुऊन पसरून ठेवा. तुऱ्यांच्या बेचक्यात पाणी दडून बसतं, आणि ते पुसून निघत नाही.

ट्रेमध्ये तुकड्यांत किमान एक-दीड सेंटीमीटर अंतर हवं. घरच्या मोठ्या ओव्हनच्या साधारण ४० × ३५ सेंटीमीटरच्या ट्रेवर ६०० ते ७०० ग्रॅम भाजी नीट मावते. छोट्या ओव्हनच्या ट्रेवर त्याच्या निम्मीच घ्या. एक किलो एकदम कोंबून वेळ वाचत नाही, उलट सगळाच घाणा लिबलिबीत होतो. दोन घाणे करा.

ट्रे रिकामा असतानाच ओव्हनमध्ये ठेवून १५ ते २० मिनिटं तापू द्या आणि तापलेल्या ट्रेवर भाजी टाका. चर्र आवाज आला पाहिजे. तळाला लगेच पापुद्रा धरतो, त्यामुळे भाजी चिकटतही नाही. गडद रंगाचा ट्रे चकचकीत ट्रेपेक्षा तळ लवकर लाल करतो, तेव्हा तसा ट्रे असेल तर पाच मिनिटं आधीच डोकावून बघा. ओव्हनमध्ये पंखा चालू असेल तर खाली दिलेल्या प्रत्येक तापमानातून २० अंश कमी करा.

५०० ग्रॅम भाजीला दीड ते दोन टेबलस्पून तेल पुरतं. प्रत्येक तुकडा चमकला पाहिजे, पण भांड्याच्या तळाशी तेल साचता कामा नये. मीठ ५०० ग्रॅमला सपाट पाऊण चमचा, तेही ट्रेवर टाकायच्या अगदी आधी. मीठ लावून भाजी तशीच ठेवली तर पाणी सुटतं आणि पुसण्याची मेहनत वाया जाते.

गोड शेवटी का घालायचं

मध २०० अंशांना फार झपाट्याने करपतो, कारण त्यातली फळसाखर साध्या साखरेपेक्षा कितीतरी कमी तापमानाला तपकिरी होऊ लागते. भाजी शिजायला पंचवीस मिनिटं लागतात, मध मात्र तेवढ्या वेळात काळा आणि कडू होऊन ट्रेला चिकटलेला असतो. भाजी पूर्ण भाजून झाल्यावर मध घाला आणि शेवटची पाच-सहा मिनिटंच ओव्हनमध्ये ठेवा.

नुसता मध बेचव गोड लागतो. त्याला आंबट, तिखट आणि थोडं लोणी हवं. ६०० ग्रॅम भाजीसाठी दीड टेबलस्पून मध, एक टेबलस्पून लोणी, एक चमचा व्हिनेगर, अर्धा चमचा चिली फ्लेक्स आणि चिमूटभर मीठ, हे प्रमाण बहुतेक सगळ्या भाज्यांना चालतं. मध दोन टेबलस्पूनच्या वर नेऊ नका. त्यापुढे ते स्टार्टर राहत नाही, मिठाई होते, आणि पाहुण्यांची भूक पहिल्या दोन तुकड्यांतच मरते.

मध-जिऱ्याचं गाजर

६०० ग्रॅम गाजरं सोलून सात सेंटीमीटर लांब आणि सव्वा सेंटीमीटर जाड अशा काड्या करा. साधारण चाळीस होतील. जाडी सारखी असणं लांबीपेक्षा महत्त्वाचं. गाजराचं टोक बारीक असतं, ते उभं चिरू नका, अख्खंच ठेवा. दोन टेबलस्पून तेल, एक चमचा मीठ, एक चमचा जाडसर कुटलेलं जिरं लावून २१० अंशांना २५ मिनिटं भाजा. पंधराव्या मिनिटाला उलटा.

आता एक काडी उचलून पाहा. कडा तपकिरी आणि किंचित आत ओढलेल्या दिसल्या पाहिजेत, पृष्ठभागावर बारीक सुरकुत्या हव्यात. सुरीचं टोक आत सहज जावं, पण काडी आडवी धरली तर वाकू नये. वाकली तर ती जास्त शिजली आहे, टूथपिकला टिकणार नाही.

ह्या टप्प्यावर वर दिलेलं मधाचं मिश्रण कोमट करून ओता, झाऱ्याने हलवा आणि परत आत ठेवा. आधी मोठे, पातळ बुडबुडे येतील. ते लहान आणि दाट झाले, फेस तळाला चिकटू लागला की लगेच बाहेर काढा. ट्रे बाहेर आल्यावरही गरम असतो आणि पाक शिजत राहतो, म्हणून काड्या दोन मिनिटांच्या आत थाळीत काढून घ्या. ट्रेवरच गार होऊ दिल्या तर टॉफीसारख्या घट्ट बसतात, ओढताना वरचा पापुद्रा ट्रेला राहतो.

वरून भाजलेले तीळ आणि थोडं मीठ. मीठ दोनदा पडतंय म्हणून बिचकू नका, हे दुसरं मीठच गोडव्याला उठाव देतं.

रताळ्याच्या चकत्या, वर चक्का आणि अक्रोड

गोड स्टार्टरमध्ये सगळ्यात भरवशाचा हा पदार्थ. चकतीच थाळी होते, ब्रेड लागत नाही. साडेचार-पाच सेंटीमीटर व्यासाची, शक्यतो एकसारखी लांबट रताळी ६०० ग्रॅम घ्या. साल ठेवा, तिनेच चकतीला आधार मिळतो. एक सेंटीमीटर जाड चकत्या करा, तीसच्या आसपास निघतील. अर्ध्या सेंटीमीटरच्या केल्या तर कडा करपतात आणि मधे खड्डा पडतो.

चकत्या अर्धा तास गार पाण्यात ठेवा, मग कोरड्या पुसा. कापलेल्या भागावरचा सुटा स्टार्च निघून जातो, त्यामुळे चकत्या एकमेकींना चिकटत नाहीत आणि रंग सारखा येतो. दोन टेबलस्पून तेल, पाऊण चमचा मीठ, पाव चमचा दालचिनी पूड. २०० अंशांना ३० ते ३५ मिनिटं, अठराव्या मिनिटाला उलटून.

रताळ्याला २३० अंशांची घाई करू नका. साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान त्याच्यातलंच एक एन्झाइम स्टार्चची माल्टोज साखर करतं. आतलं तापमान ह्या टप्प्यातून हळू वर गेलं की रताळं जास्त गोड होतं. प्रखर आचेवर तो टप्पा पटकन ओलांडला जातो. ह्याच कारणाने मायक्रोवेव्हमधलं रताळं फिकं लागतं.

चकत्या दहा मिनिटं गार करून मगच वर चक्का ठेवा, गरम चकतीवर तो विरघळून ओघळतो. १५० ग्रॅम चक्क्यात चिमूटभर मीठ आणि अर्ध्या लिंबाची किसलेली साल घाला. प्रत्येक चकतीवर लहान चमचाभर चक्का, त्यावर भाजलेल्या अक्रोडाचा तुकडा आणि मधाचे दोन थेंब. अक्रोड १७० अंशांना आठ मिनिटं वेगळे भाजा. पाहुण्यांपैकी कुणाला सुक्यामेव्याची अॅलर्जी असेल तर काही चकत्या बिनअक्रोडाच्या करून वेगळ्या थाळीत ठेवा. एका थाळीत अर्धे-अर्धे ठेवून भागत नाही. आणि एक वर्षाखालच्या बाळाला मधाचा कुठलाच पदार्थ देऊ नका.

लसूण-मिरीचा कुरकुरीत फ्लॉवर

एका किलोच्या गड्ड्यातून पानं-देठ जाऊन ६५० ते ७०० ग्रॅम तुरे मिळतात. मोठा तुरा देठाकडून सुरीने अर्धा चिरा आणि पुढे हाताने फाडा. वरून कापला तर भुसा पडतो, आणि तो भुसा सगळ्यात आधी करपतो. निदान एक बाजू सपाट हवी, तीच ट्रेला टेकते आणि लाल होते.

तुऱ्यांना अडीच टेबलस्पून तेल, एक चमचा मीठ, एक चमचा भरड मिरी लावा. मग दोन टेबलस्पून कॉर्नफ्लोअर भुरभुरवून हलवा. कोरडं पीठ दिसेनासं झालं की पुरे. सपाट बाजू खाली ठेवून २२० अंशांना २२ ते २५ मिनिटं भाजा. पहिली पंधरा मिनिटं अजिबात हलवू नका. सारखं उलथनं घातलं की धरलेला पापुद्रा तुटतो.

लसूण आधी घालायचा मोह होईल, घालू नका. बारीक चिरलेला लसूण २२० अंशांना दहा मिनिटांतच कडू होतो. चार पाकळ्या किसून दोन टेबलस्पून लोण्यात मंद आचेवर अर्धं मिनिट परता आणि फ्लॉवर बाहेर आल्यावर वरून ओता. लिंबाचा रसही तेव्हाच, अगदी वाढताना. आधी पिळला तर आंबटपणामुळे भाजी शिजायला वेळ लागतो आणि पृष्ठभाग पुन्हा ओला होतो.

हा पदार्थ मात्र थांबत नाही. वीस मिनिटांनी मऊ पडायला लागतो. तो शेवटी भाजा आणि दोन हप्त्यांत बाहेर आणा.

चेरी टोमॅटो, बीट आणि बाकीचे

चेरी टोमॅटो ५०० ग्रॅम अर्धे चिरून कापलेली बाजू वर ठेवा. अर्धा चमचा मीठ, एक चमचा साखर, दोन टेबलस्पून तेल, १५० अंशांना दीड तास. आकसून जर्दाळूसारखे झाले की झालं. भाजलेल्या ब्रेडच्या तुकड्यावर उरलेला चक्का लावून त्यावर दोन-दोन ठेवा. ब्रेडवर मांडायचं काम पाहुणे आल्यावरच, नाहीतर ब्रेड भिजतो.

बीट अख्खं, फॉइलमध्ये गुंडाळून २०० अंशांना. दीडशे ग्रॅमचं असेल तर पाऊण ते एक तास लागतो. गार झाल्यावर साल अंगठ्याने निघते. फोडी करून संत्र्याचा रस, मीठ आणि थेंबभर व्हिनेगर लावा. दुसऱ्या कशाच्याही शेजारी ठेवू नका, चक्कासुद्धा गुलाबी होतो.

मशरूम भाजायचे तर अख्खे, देठ वर करून. वाटीत पाणी जमतं, ते ट्रे बाहेर काढून एकदा ओतून टाका. कांदा आणि शिमला मिरची टूथपिकवर छान दिसतात खरे, पण टूथपिक भाजून झाल्यावर लावा. वांगं आणि दुधी भोपळा मात्र एका घासाच्या तुकड्यासाठी फारच मऊ पडतात, ह्या कामाला सोडूनच द्यावेत.

वीस जणांचा हिशोब आणि वेळ

पुढे जेवण असेल तर माणशी पाच-सहा तुकडे धरा. गाजर चाळीस, रताळं तीस, फ्लॉवर पंचेचाळीस म्हणजे ११५ तुकडे होतात, वीस जणांना पुरतात. फक्त स्टार्टर्सवरच संध्याकाळ काढायची असेल तर दुप्पट करा. कच्च्या भाजीच्या वजनातला एक तृतीयांशापर्यंतचा भाग भाजताना कमी होतो, खरेदी करताना हे विसरलं जातं.

आदल्या दिवशी गाजर चिरून ओलसर कापडासह डब्यात भरून फ्रीजमध्ये ठेवा, चक्का तयार करा, अक्रोड भाजा. पाहुण्यांच्या तीन तास आधी टोमॅटो आणि बीट उरका. दीड तास आधी रताळं. ते साध्या तापमानालाही चांगलं लागतं. मग गाजर, पण मधाशिवाय. पाहुणे आल्यावर फ्लॉवर आत टाका, तो बाहेर आला की ओव्हन २१० वर आणून गाजरावर मध घालून सहा मिनिटं ठेवा.

भाजलेली भाजी गरम असताना कधीही झाकू नका. झाकणाला आतून लागलेली वाफ परत तिच्यावरच टपकते. मऊ पडलीच तर २२० अंशांना एका थरात पसरून सहा-आठ मिनिटं ठेवा, बरीचशी सावरते. मायक्रोवेव्हने सावरत नाही.

बाहेरून काळी आणि आतून कच्ची राहत असेल तर तुकडे मोठे झाले आहेत किंवा ट्रे वरच्या कप्प्यात आहे. तो मधल्या कप्प्यात आणा आणि २० अंश कमी करा. रंगच येत नसेल तर ट्रे भरगच्च आहे. थोडी भाजी काढून घ्या, तापमान वाढवून उपयोग नाही. मधाचा पाक पातळ राहून थाळीत ओघळत असेल तर भाजीतलं पाणी अजून गेलेलं नव्हतं.

टेबलावर मांडलेलं दोन तासांच्या आत संपवा किंवा फ्रीजमध्ये टाका, फार उकाडा असेल तर एका तासात. चक्का लावलेल्या चकत्यांना हे जास्त लागू आहे. म्हणून तीसच्या तीस एकदम मांडू नका. दहा मांडा, चक्का फ्रीजमध्येच राहू द्या, थाळी रिकामी झाली की पुढच्या दहा.